मालक गायब, डबा बेवारस : दर पावसाळ्यानंतरची जिओकॅशची कटकट आणि त्यावर काय करायचं

तर मंडळी, दर ऑक्टोबरात मला एक-दोन तरी मेसेज येतातच. "ताई, तो टेकडीवरचा डबा सापडत नाहीये, तुम्हाला मिळाला होता ना?" किंवा "डबा मिळाला पण आत नुसता लगदा आहे, सही कशावर करू?" आणि मग ठरलेला तिसरा प्रश्न, "मालकाला मेसेज टाकला, उत्तरच नाही, आता काय?" दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकते, पुढच्या वर्षी नुसती लिंक देईन.

(डबा म्हणजे जिओकॅश. कोणीतरी डबा लपवतो, साइटवर त्याचं पान करून जीपीएस कोऑर्डिनेट देतो, बाकीचे गुपचूप शोधतात, आतल्या लॉगबुकवर सही करतात आणि पानावर लॉग, म्हणजे नोंद टाकतात. ठेवणारा तो मालक. आमच्या घरी कॅश म्हटलं की आई पाकीट शोधायला लागते, म्हणून आम्ही डबाच म्हणतो.)

आधी कबूल करते की यात करता येण्यासारख्या सगळ्या चुका मी स्वतः करून झाल्यात, त्यातली सगळ्यात मोठी तर अगदी चांगुलपणाने केली. ती आधी सांगते, कारण मेसेज करणाऱ्यांपैकी निम्मे लोक तेच करायच्या बेतात असतात.

पुण्यातल्या एका टेकडीवर एक स्मॉल साइजचा डबा होता. टेकडीचं नाव सांगत नाही. ठेवणारा परदेशी माणूस, इथे नोकरीनिमित्त दोन वर्षं होता असं त्यानेच कॅशच्या पानावर लिहिलेलं. आपल्याकडे हे फार होतं, कोणी कामासाठी येतो, कोणी फिरायला येतो, हौसेने एक डबा ठेवतो आणि विमानात बसून जातो. डबा बिचारा इथेच. नियमाप्रमाणे खरं तर लांब राहणाऱ्याने ठेवलाच तर इथलं कोणीतरी देखभाल करेल अशी सोय करावी लागते, पण ती सोय करणारा इथला मित्रही दोन वर्षांत बंगलोरला जातो, मग काय. या मालकाच्या प्रोफाइलवर शेवटची भेट २०१६ दिसत होती.

२०१९ च्या पावसाळ्यानंतर मी तिथे गेले तर डबा नाही. चाळीस मिनिटं शोधलं, दगड उलथेपालथे केले, दोन विंचू दिसले, डबा नाही. त्याआधीच्या दोघांचाही डीएनएफ, म्हणजे 'डिड नॉट फाइंड', सापडला नाही. मला वाटलं गेला, आणि वाईट वाटलं, इतका जुना डबा, म्हणून पुढच्या रविवारी घरातला एक क्लिपवाला हवाबंद डबा घेतला, नवीन लॉगबुक, पेन्सिल, दोन स्टिकर टाकले, त्याच जागी ठेवून आले आणि वर साइटवर 'फाउंड इट', म्हणजे सापडला असा लॉग पण टाकला. जुना सापडला नाही म्हणून परस्पर दुसरा डबा ठेवायचा, याला थ्रोडाउन म्हणतात. तेव्हा मला हा शब्दही माहीत नव्हता, मला वाटत होतं मी समाजसेवा केली.

पुढे काय झालं तर काही लोकांना माझा डबा मिळाला आणि काहींना दुसराच कुठला तरी. एकाने लिहिलं "लाल झाकण", एकाने "निळं झाकण", एकाने फोटो टाकला त्यात डबा झाडाच्या बुंध्याशी आणि पानावरची हिंट सांगते दगडाखाली. मी जाऊन बघितलं तर माझा जागेवर होता. मग निळं झाकण कुठून आलं?

ते कळलं दोन वर्षांनी. भाच्याला घेऊन सकाळी साडेसहाला वर गेले होते, तो दगडांपाशी वाकलेला, मी उगाच फोनवर बोलल्याचं नाटक करत उभी. रोज टेकडीवर येणारे एक काका, एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लास्टिक गोळा करायची गोणी, थांबले.

"काय हरवलंय का?"

"नाही काका, याचं खेळणं पडलं."

काकांनी भाच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ते डब्याचं ना? अहो तो मीच उचलून त्या गिरिपुष्पाखाली ठेवला. इथे कुत्री उकरतात. आधी कचरा समजून गोणीत टाकला होता, मग आत चिठ्ठी दिसली इंग्रजीत, म्हटलं कोणाचं तरी असेल."

म्हणजे मूळ डबा तिथेच होता, वीस पावलांवर! मी 'गेला' असं ठरवून त्याच्या उरावर दुसरा ठेवला होता. मूळ डब्याची अवस्था काय सांगू, चारातल्या दोन क्लिपा तुटलेल्या, झाकणाला आडवी चीर, आत मुंग्यांनी मातीचं घर केलेलं, लॉगबुकचा पापडासारखा कडक गठ्ठा आणि त्यात चिकटलेला एक ट्रॅव्हल बग, म्हणजे या डब्यातून त्या डब्यात प्रवास करणारा कोडवाला धातूचा बिल्ला, साखळीला गंज. मालक ढिम्म. आणि तेव्हापासून दरवर्षी पावसाळा संपला की दोन-दोन डब्यांचं निस्तरायचं काम माझ्या गळ्यात, मालक मी नसताना.

आता हे होतं कशाने ते बघू, कारण लोक दरवेळी डब्याला शिव्या घालतात. साधं प्लास्टिक मार्च ते मे उन्हात तापून ठिसूळ होतं, क्लिपचा जो पातळ सांधा असतो ना तो आधी जातो, वरून दिसतही नाही. जूनमध्ये पाऊस आला की त्या बाजूने पाणी. आत टाकलेल्या सिलिका जेलच्या पुड्या दोन दिवसांत भिजून थंड. पुण्यात तरी ठीक, लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे साधा डबा एक पावसाळा काढला तरी नशीब. आणि झिपलॉकवर विसंबू नका, घाईत कोणीतरी अर्धवट बंद करतो आणि पाणी आत गेलं की बाहेर येत नाही, पिशवीचं मत्स्यालय होतं. म्हणजे एखादा पावसाळा खराब गेला तर दोष कोणाचाच नाही, फक्त नंतर येऊन बघणारं कोणी हवं. मालक हवा तो याचसाठी.

बरं, आता मूळ प्रश्न. मालक गप्प आहे असं दिसलं की काय करायचं.

सगळ्यात आधी बघा की खरंच काही बिघडलंय का. हे गमतीने म्हणत नाहीये. मालकाने सहा वर्षांत लॉगिन केलं नाही पण डबा ठणठणीत आहे, लॉगबुक कोरडं आहे, तर विषय संपला, सही करा आणि घरी या. काही लोकांना मालक इनअॅक्टिव्ह दिसला की हात शिवशिवतात, तसं करू नका. जुने डबे मुळात थोडे उरलेत.

लॉगबुक नुसतं भरलं असेल किंवा दमट झालं असेल तर एक जास्तीचा कागद आत टाकायला कोणाची हरकत नसते, मी पाकिटात नेहमी चार-पाच पट्ट्या कापून ठेवते, एक चिमटा, टिश्यू आणि पेन. डबा पुसला, कागद टाकला, आणि लॉगमध्ये तसं लिहिलं. जुनं लॉगबुक मात्र फेकू नका, फोटो काढा आणि शक्य असेल तर आतच राहू द्या, मालक कधी उगवलाच तर त्याला सह्या तपासायच्या असू शकतात. एवढीच मदत. डबा बदलणं, जागा बदलणं, आपल्या मनाने कोऑर्डिनेट देणं हे सगळं त्याच्या पुढचं, आणि तिथेच मी घसरले.

डबा मिळाला नाही तर डीएनएफ टाका. टाकाच! आपल्याकडे लोकांना डीएनएफची लाज वाटते, जणू नापास झालो, त्यामुळे पाच जण शोधून जातात आणि पानावर एकही नोंद नाही. साइट प्रत्येक डब्याचा एक हेल्थ स्कोअर काढते, त्यात डीएनएफ, देखभालीच्या तक्रारी, शेवटचा कधी सापडला, डिफिकल्टी किती हे सगळं धरतात, आणि स्कोअर घसरला की मालकाला आपोआप ईमेल जातो. तुम्ही डीएनएफ गिळलात तर हे चक्र फिरतच नाही. आणि माझ्यासारखं थ्रोडाउन ठेवून 'फाउंड इट' मारलात तर उलटंच, आजारी डबा कागदावर एकदम ठणठणीत दिसतो. माझ्या त्या एका 'फाउंड इट'ने तो प्रकार तीन वर्षं लांबला असं माझं स्पष्ट मत आहे.

डबा मिळाला पण फुटलाय, लगदा झालाय, किंवा तीन-चार डीएनएफ ओळीने आहेत, तर 'ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड' टाका, म्हणजे मालकाने लक्ष द्यावं अशी नोंद. जुने लोक याला अजून नीड्स मेंटेनन्सच म्हणतात. अॅपमध्ये आपला लॉग टाकतानाच प्रॉब्लेम कळवायचा पर्याय येतो. पानावर त्याची खूण लागते आणि ती मालकाने देखभाल केल्याची नोंद टाकेपर्यंत जात नाही. इथे 'उगाच कशाला वाईटपणा घ्या' असं मनात येतं ते बाजूला ठेवा, ही तक्रार नाही, निरोप आहे. फक्त नीट लिहा. "खराब झालाय" याला काही अर्थ नाही. "झाकणाला चीर, दोन क्लिपा तुटल्या, आत पाणी, लॉगबुकवर सही करता येत नाही, फोटो जोडलाय" असं लिहा. आणि लिहा इंग्रजीत, कारण पुढे हे वाचणारा रिव्ह्यूअर (साइटसाठी डबे तपासणारा स्वयंसेवक) मराठी वाचणारा असेलच असं नाही आणि तो टेकडीवर येऊन बघणार तर मुळीच नाही, त्याच्यासमोर फक्त तुमचे लॉग असतात.

सोबत मालकाला साइटच्या मेसेज सेंटरमधून एक साधा मेसेज. तोसुद्धा "तुमचा डबा कचरा झालाय" असा नको. मी लिहिते की अमुक तारखेला गेले होते, अशी स्थिती आहे, तुम्ही आता लांब असाल तर दोन मार्ग आहेत, तुम्ही तो आर्काइव्ह (म्हणजे पान कायमचं बंद) करा, मी डबा उचलून आणते, किंवा दत्तक द्या, मी घ्यायला तयार आहे.

दत्तक या शब्दावर लोक फार उड्या मारतात म्हणून थांबते. डबा दत्तक घेता येतो, पण मालकाने स्वतः द्यावा लागतो. त्याने साइटवरून पाठवायचं, तुम्ही स्वीकारायचं, मग पान तुमच्या नावावर. मालक गायब असेल तर दत्तक नाही, पूर्णविराम. मी तीन वर्षं त्याची देखभाल करतेय, मीच खरी मालक, असं साइटच्या सिएटलमधल्या मुख्यालयाला किती पोटतिडकीने लिहिलं तरी परवानगीशिवाय ते डबा कोणाच्या नावावर करत नाहीत. मी लिहून बघितलंय, अगदी सभ्य नकार येतो. सातबारा त्याच्या नावावर, कसतोय आपण, आणि कूळ कायदा इथे लागू नाही.

मग वाट बघा. साधारण चार आठवडे तरी. लोक परीक्षेत असतात, दवाखान्यात असतात, गणपतीला गावी असतात. तुमच्या एका मेसेजला आठ दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून मालक मेला असं होत नाही.

महिन्यानंतरही काही हालचाल नाही तर 'रिव्ह्यूअर अटेन्शन रिक्वेस्टेड', म्हणजे पूर्वीचं नीड्स आर्काइव्ह्ड. जुन्या नावाची भीतीच वाटायची, त्यामुळे कोणी टाकायचंच नाही, नाव बदललं ते बरं झालं. याने डबा लगेच बंद होत नाही. रिव्ह्यूअर, जो आपल्यासारखाच फुकटात काम करणारा, डबे शोधणारा माणूस असतो, तो आधी डबा तात्पुरता डिसेबल करतो, मालकाला साधारण महिनाभर मुदत देतो, आणि तरीही शांतता असेल तर आर्काइव्ह. भिजलेल्या लॉगबुकसाठी थेट ही पायरी गाठू नका, पण जागेचा मालक चिडलाय, डबा जमिनीत पुरलाय, जागा धोक्याची झालीय, पोलिसांचा विषय निघालाय, असं असेल तर महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी टाका. आपल्याकडे स्टेशनवर, विमानतळावर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ऐकत आपण मोठे झालोय, रस्त्याकडेला टेप गुंडाळलेला डबा दिसला की लोक आधी पोलिसांनाच फोन लावणार, आणि ते बरोबरच आहे.

काही जणांना आर्काइव्ह म्हणजे डबा मारला असं वाटतं. अहो, पान तिथेच राहतं, जुने लॉग तिथेच राहतात, तुमच्या सापडलेल्या डब्यांच्या संख्येतला एक आकडाही कमी होत नाही, फक्त नकाशावरून तो जातो आणि नवखा माणूस रिकाम्या दगडाखाली विंचू शोधत बसत नाही. ३ मे २००० ला डेव्ह अल्मरने ओरेगनमध्ये जो पहिला डबा ठेवला, अमेरिकेने जीपीएसमधला मुद्दाम घातलेला गोंधळ काढून टाकल्यावर लगेच, तोसुद्धा आज तिथे नाही, त्या जागी फलक आहे. त्याचं काही अडलं नाही तर आपल्या टेकडीवरच्याचं काय.

दुसरा फायदा म्हणजे जागा मोकळी होते. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर लागतं, त्यामुळे एक बेवारस डबा आजूबाजूची सगळी चांगली जागा अडवून बसतो. टेकडीच्या पायथ्याला एक रोपवाटिका आहे, त्यांना विचारून मला तिथे डबा ठेवायचा होता, ते आनंदाने तयार होते, पण अंतर भरलं १२० मीटर. म्हणजे जोपर्यंत जुना पानावर जिवंत तोपर्यंत माझा नाही. खरं सांगायचं तर मी शेवटी हालचाल केली ती यामुळेच, तत्त्व वगैरे नंतर सुचलं.

तर मी काय केलं ते क्रमाने. आधी माझं थ्रोडाउन उचललं. मग जुन्या 'फाउंड इट'चा लॉग बदलून तिथे डीएनएफ केला आणि खाली खरं काय ते लिहिलं, लाज वाटली पण लिहिलं. मूळ डब्याचे फोटो टाकले, मालकाला मेसेज केला, ओनर अटेन्शन टाकलं. पाच आठवड्यांनी रिव्ह्यूअर अटेन्शन. त्याने डिसेबल केलं, महिना आणि वर काही दिवस गेले, आर्काइव्ह झाला. मधल्या काळात दोघांनी मला मेसेज करून झापलं की छान जुना डबा का बंद पाडताय. दोघांपैकी एकही गेल्या चार वर्षांत टेकडी चढलेला नाही, असो.

एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात. आर्काइव्ह झालं म्हणजे पान बंद झालं, डबा टेकडीवरच आहे. तो कोणी उचलला नाही तर आपणच टेकडीवर कचरा केला असा त्याचा अर्थ, आणि काकांच्या गोणीत तो जाणारच. उचलायचं काम मालकाचं, पण मालक नाहीच तर त्याला कळवून जवळच्याने उचलावा. मी कळवलं, पानावर नोट टाकली की डबा माझ्याकडे सुरक्षित आहे, हवा असेल तर कुरियर करते. अजून मागितला नाही. लॉगबुकची जी पानं सुटी झाली ती वर्तमानपत्रात दाबून वाळवली, त्यात २०१३ ची एक मराठी सही आहे, "सहकुटुंब आलो, पोहे खाल्ले".

ट्रॅव्हल बगचं वेगळं. तो डब्याच्या मालकाचा नसतो, त्याचा स्वतःचा मालक असतो, त्यामुळे तो डब्यासोबत अडकवून ठेवायचं काही कारण नाही. मिळाला तर बिल्ल्यावरचा सहा अक्षरी कोड टाकून आपल्याकडे घ्या आणि पुढे पाठवा. पानावर यादीत दिसतो पण आत नाही, असं असेल तर बगच्या पानावर तसं लिहा, त्याच्या मालकाला तो हरवला म्हणून नोंदवता येतो. मी त्या गंजलेल्या बिल्ल्याचा कोड टूथब्रशने घासून वाचला, लॉग टाकला, आणि गंमत बघा, डब्याचा मालक इतकी वर्षं गप्प पण बगच्या मालकिणीचं उत्तर दोन दिवसांत आलं. तिला वाटत होतं तो कधीच गेला. त्याला समुद्र बघायचा होता म्हणे, आणि तो सात वर्षं पुण्यात टेकडीवर मुंग्यांमध्ये बसलेला.

नवीन डबा आता रोपवाटिकेच्या कुंपणावर आहे, तिथल्या माळीदादांना माहीत आहे, काकांनाही सांगून ठेवलंय. सप्टेंबर संपला की कॅलेंडरवर खूण आहे, जाऊन उघडून बघायचा. आणि बिल्ला माझ्या किल्ल्यांच्या स्टँडवर लटकतोय, दिवाळीत भाचा रत्नागिरीला आजीकडे जाणार आहे, त्याच्याबरोबर देतेय.